ढिगाऱ्यावरची झाडे, ढिगाऱ्याखालचे वावर

घुग्घुसहून वणीकडे निघाले की वर्धा नदीच्या दोन्ही अंगांना सपाट माथ्याचे डोंगर दिसू लागतात. भूगोलाच्या पुस्तकात त्यांची नावे नाहीत. कोळशाच्या थरावरची माती आणि दगड काढून रचलेले हे ढिगारे. खाणीतली माणसे त्यांना 'ओव्हरबर्डन' किंवा नुसते 'ओबी' म्हणतात. वेस्टर्न कोलफील्ड्सच्या, म्हणजे वेकोलिच्या, उघड्या खाणींत एक टन कोळसा काढायला चार घनमीटरांहून अधिक ओबी उचलावी लागते, त्यामुळे कोळसा रेल्वेने निघून गेला तरी डोंगर इथेच राहतात. वर्धा खोऱ्यातल्या पहिल्या पिढीच्या खाणींपैकी वरोऱ्याची सरकारी खाण 1906 मध्येच बंद झाली. आता उघड्या खाणींची पाळी आली आहे. काही संपल्या, काही संपत आल्या. या जमिनीचे पुढे काय करायचे, यावर चंद्रपूर-यवतमाळच्या कोळसापट्ट्यात दोन मते नेहमी ऐकू येतात. एक मत ही जमीन पाणी, जंगल आणि गाव यांना जोडणारी हिरवी व्यवस्था म्हणून उभी करा, असे म्हणते. दुसरे मत आधी जमीन परत करा, असे. खालच्या संवादातले मामा वेकोलितून निवृत्त झालेले सर्व्हेअर आहेत. त्यांच्या घरचे वावर खाणीत गेले आहे. भाची नागपुरात लँडस्केप आर्किटेक्ट आहे. दोघेही कल्पित आहेत; त्यांच्या बोलण्यातली गावे, कायदे आणि आकडे खरे आहेत.

भाची : मामाजी, तुम्ही या ढिगाऱ्यांकडे एकेक करून पाहता. हा अमक्या खाणीचा, तो तमक्या सेक्टरचा. मी सगळा पट्टा एकत्र पाहते. एका बाजूला ताडोबा, दुसऱ्या बाजूला टिपेश्वर, मधून इरई आणि वर्धा. आणि या सगळ्यांच्या मध्ये ढिगारे, पाण्याने भरलेले खड्डे, डंपरचे वापरात नसलेले हॉल रोड, वेड्या बाभळीची राने. हे तुकडे जोडले तर पाणी अडेल, उतार टिकेल, जनावरांना वाट मिळेल, गावाला चारा मिळेल. रस्ता आणि वीज यांच्यावर आपण सरकारी पैसा घालतो, कारण ती कामाची गोष्ट आहे. हिरवाईही तशीच कामाची गोष्ट समजून बांधावी, एवढेच माझे म्हणणे.

मामा : मला आधी सांग, एखाद्या ढिगाऱ्यावर चढून काठीने उकरून पाहिलेस का कधी?

भाची : पाहिले आहे. वर सुबाभळीचा पाला बोटभर. त्याखाली करड्या शेलच्या चकत्या, वाळूदगडाचे गोटे, मध्येच कोळशाची भुकटी. काठी चार बोटांवर अडली. उतारावर पावसाने पाडलेल्या घळी गुडघाभर खोल होत्या आणि त्यांच्या कडांना दोन-तीन रोपे मुळे उघडी पडून लोंबत होती. पायथ्याचा गारलँड ड्रेन गाळाने इतका भरलेला, की पावसाचे पाणी नालीवरून सरळ शेजारच्या धुऱ्यापर्यंत गेले होते.

मामा : मग तूच बोललीस. खाणीत जमिनीचा क्रम उलटा होतो. वर काळी माती, तिच्याखाली पिवळी, मग कामठीचा वाळूदगड, मग बाराकरचा कोळसा. डंपर वरून खाली भरत जातो. काळी माती आधी निघते म्हणून ती ढिगाच्या तळाशी जाते, आणि शेवटचा दगड माथ्यावर बसतो. त्या दगडावर खड्डा खणायचा, रोप लावायचे आणि फोटो काढायचा. कोल इंडियाची नियोजन संस्था सीएमपीडीआय मोठ्या उघड्या खाणींची उपग्रहावरून दरवर्षी मोजणी करते. चित्रात हिरवा रंग आला की तेवढे हेक्टर 'पुनर्स्थापित'. उपग्रहाला सुबाभूळ आणि साग यांतला फरक काय कळतो, आणि खाली माती आहे की दगड हे काय दिसते?

भाची : काळी माती वेगळी रचून ठेवावी, असा नियम आहे.

मामा : नियम आहे. पण रचलेली माती दहा-पंधरा वर्षे तशीच पडली तर तिच्यातले गांडूळ, बुरशी, जिवाणू मरतात. मग ती नुसती काळी धूळ. माती काढल्यावर लगेच दुसरीकडे पसरली, तरच ती माती राहते. त्यासाठी एका बाजूला कोळसा काढत असतानाच मागची बाजू भरून बंद करत जावी लागते. ज्या खाणीत कामाची आखणी सुरुवातीपासून तशी नसते, तिथे नंतर कुणी कितीही ठरवले तरी होत नाही.

भाची : पण ज्या ढिगांवर माती उरलीच नाही, तिथेही माती घडवता येते. हे काम नागपुरातल्याच संस्थेने केले आहे. नीरी या पर्यावरण संशोधन संस्थेच्या शास्त्रज्ञांनी कोळसा खाणीच्या ढिगावर 10 हेक्टरांत प्रयोग केला. सांडपाणी प्रक्रिया केंद्रातला गाळ हेक्टरी 50 टन मिसळला, रोपांच्या मुळांना रायझोबियम, अझोटोबॅक्टर आणि मायकोरायझा बुरशी दिली. त्या दगडमातीत हे जीव जवळजवळ नव्हतेच. प्रयोगानंतर ते मोठ्या प्रमाणात वाढले. म्हणजे झाडाआधी झाडाखालचे जग उभे करायचे. तसे केले तर तुमची काठी चार बोटांवर अडणार नाही.

मामा : 10 हेक्टर प्रयोगाला ठीक आहेत. खाण शेकडो हेक्टरांची असते. तिथे वनविकास महामंडळाला लागवड दिली जाते, काही वर्षांची देखभाल दिली जाते, आणि मुदत संपली की देखभालही संपते. त्यानंतर पाणी कोण घालणार, वणवा कोण विझवणार, घळ कोण बुजवणार? हे उत्तर कुठल्याच कागदावर मला कधी सापडले नाही.

भाची : म्हणूनच मी 'लागवड' म्हणत नाही. लागवडीत रोपे मोजतात. मला विचारायचे आहे ते हे, की या ढिगातून यंदा किती गाळ नाल्यात गेला? उतार 28 अंशांच्या आत आहे का? कारण पर्यावरण मंजुरीत ढिगाचा एकूण उतार त्याहून जास्त नको, अशी अट असते. टप्प्यांवर पवन्या, मारवेल, कुसळी अशी आपली गवते आधी लावली का? गवत पहिल्याच पावसात माती धरते. नुसती झाडे लावली तर पहिली काही वर्षे उतार उघडाच राहतो. घसरणीचे लालमटियाचे उदाहरण आहे. झारखंडमधल्या राजमहल खाणीत 29 डिसेंबर 2016 ला ढिगारा कोसळला आणि 23 कामगार गाडले गेले.

मामा : लालमटियाचा ढिगारा गवताने थांबला नसता, बाई. तो खाणीच्या आतला, कामाच्या जागेवर आलेला ढिगारा होता. उतार, पाण्याचा निचरा आणि पायथा हे चुकले की वर काहीही लावा. हिरवळ घसरण लपवते, थांबवत नाही.

भाची : उथळ घसरण आणि धूप थांबवते. खोल घसरण नाही थांबवत, हे मान्य. पण निचरा, पायथ्याची भिंत, गाळ अडवणारे तळे आणि गवत ही एकाच आराखड्याची चार अंगे आहेत. आज त्यांची चार कंत्राटे निघतात आणि चौघांची एकमेकांशी ओळख नसते.

मामा : हे पटले. पण असा आराखडा कुठे चालला आहे का, की नुसता नकाशाच?

भाची : जर्मनीत रुहर खोऱ्यात चालला. तिथली एम्शर नदी शंभर-सव्वाशे वर्षे उघडे गटार होती. खाली कोळसा काढत राहिल्याने जमीन खचत होती आणि जमिनीखाली नळ घातले तर ते फुटत, म्हणून सगळे सांडपाणी नदीतूनच वाहून नेले. 1989 मध्ये तिथल्या राज्य सरकारने सतरा शहरांना सोबत घेऊन दहा वर्षांचा कार्यक्रम हाती घेतला. ड्यूसबुर्गला 1985 मध्ये बंद पडलेला लोखंडाचा कारखाना न पाडता पीटर लाट्स या रचनाकाराने त्याचे उद्यान केले. एसेनची त्सोलफेराइन कोळसाखाण 1986 मध्ये बंद झाली. 2001 मध्ये युनेस्कोने तिला जागतिक वारसा ठरवले. कित्येक जागी तर त्यांनी लावलेच नाही काही. जुन्या कोळशाच्या आवारात बर्च आपोआप उगवले, ते वनखात्याने राखले. आणि एम्शरसाठी चारशे किलोमीटरांहून जास्त लांबीचे बंद गटार बांधले. 1992 पासून सुरू झालेले हे काम 2021 च्या शेवटी त्या टप्प्यावर आले, की नदीत सांडपाणी जाणे थांबले. खर्च साडेपाच अब्ज युरोंच्या घरात.

मामा : रुहरचे मीही वाचले आहे. तिथली जमीन काही ठिकाणी वीस मीटरहून जास्त खचली आहे. आता पंप थांबले तर शहरांत पाणी उभे राहील. म्हणून ते पंप कायमचे चालवायचे, अगदी कायमचे. 2018 च्या डिसेंबरात बोट्रोपची शेवटची दगडी कोळशाची खाण बंद झाली, पण त्याआधीच, 2007 मध्ये, त्यांनी एक प्रतिष्ठान काढून ठेवले होते. त्याच्या गुंतवणुकीच्या उत्पन्नातून पंपांचा खर्च भागतो. तुला उद्यान दिसले, मला ते प्रतिष्ठान दिसले. आपल्याकडे त्याच्या जागी काय आहे?

भाची : एस्क्रो खाते आहे. 2009 च्या मार्गदर्शक तत्त्वांनी उघड्या खाणीसाठी हेक्टरी 6 लाख आणि भूमिगत खाणीसाठी 1 लाख असा दर धरला. 2020 मध्ये तो 9 लाख आणि दीड लाख झाला. कंपनीने दरवर्षी पैसे भरायचे, खाण बंद करण्याचे काम झाले की ते परत मिळतात.

मामा : 'परत मिळतात' हीच गोम आहे. ते पैसे खाण बंद करण्याचे, नंतर राखण्याचे नाहीत. शिवाय बंद करणे म्हणजे काय, हेही बघ. 2009 चे नियम, आणि अंतिम समापन प्रमाणपत्र देशात पहिल्यांदा मिळाले 2025 मध्ये. तेही वेकोलिच्याच बैतूल जिल्ह्यातल्या पाथाखेडा भागात, तीन खाणींना. तिन्ही भूमिगत. त्यांना ओबीचे डोंगर नाहीत, मोठा खड्डा नाही. उघड्या खाणीचा हिशेब याहून अवघड आहे.

भाची : खड्ड्यांचे तरी चांगले करता येईल. चंद्रपूरच्या उन्हाळ्यात पाणी म्हणजे काय, हे तुम्हाला सांगायला नको. खाणीच्या पाण्याचा उपयोग वेकोलिने आधीच दाखवला आहे. पाटणसावंगीला ते शुद्ध करून 'कोल नीर' नावाने बाटल्यांत भरले. भानेगावच्या खाणीचे पाणी औष्णिक वीज केंद्राला देण्याचे ठरले. बंद खाणीचा खड्डा गावतळे म्हणून बांधला तर मासे, सिंचन, भूजल तिन्ही मिळेल.

मामा : त्या खड्ड्याच्या कडा सरळ उभ्या असतात. म्हैस पाण्यात उतरली तर वर येत नाही, पोर उतरले तरी तेच. कडा कापून उतार सौम्य करायचा तर आणखी माती हलवावी लागते, आणि तो खर्च कोळसा संपल्यावर कुणाला नको असतो. जर्मनीत नाखटरश्टेटला लिग्नाइटच्या जुन्या खड्ड्याचे तळे करत होते. 18 जुलै 2009 ला काठ घसरला, घर पाण्यात गेले आणि तीन माणसे गेली. इतका नेटका देश, तरीही.

भाची : मग आपण तरी काठापासून शंभर-दोनशे पावलांत घर बांधू नये, एवढे शिकू. तिथे झाडे ठेवा, गवत ठेवा. हिरव्या पट्ट्याचा एक उपयोग तोच आहे. जिथे माणसाने राहू नये, तिथे त्याला बांधू न देणे.

मामा : हा मुद्दा मात्र पक्का. घुग्घुसला 2022 च्या ऑगस्टमध्ये भरवस्तीतले घर जमिनीत गेले. खाली जुन्या भूमिगत खाणी. आम्ही बोर्ड अँड पिलर पद्धतीने कोळसा काढतो तेव्हा छत पेलायला कोळशाचे खांब ठेवतो. वर्षे गेली की खांब झिजतात, पाणी शिरते, छत बसते. चंद्रपूर, बल्लारपूर, घुग्घुस, किती वस्त्या अशा पोकळीवर आहेत! तिथे एखादी बाग ठेवणे हे घरकुल योजनेपेक्षा शहाणपणाचे. पण ते करायला जुन्या खाणींचे नकाशे नगरपालिकेच्या टेबलावर असले पाहिजेत. ते आमच्या कार्यालयाच्या कपाटात असतात.

भाची : म्हणजे तुमचे आणि माझे काही मतभेद उरलेच नाहीत की!

मामा : मोठा उरला आहे. तू अजून जमिनीच्या मालकाचे नाव काढले नाहीस. आमचे वावर 1957 च्या कोळसाधारक क्षेत्र कायद्याने गेले. त्या कायद्यात जमीन केंद्र सरकारकडे जाते आणि तिथून कंपनीकडे. कोळसा काढून झाल्यावर मूळ मालकाला परत करायची तरतूदच नाही. 2022 च्या एप्रिलमध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने धोरण आणले. कोळसा संपलेल्या जमिनीवर कोल वॉशरी, सौर प्रकल्प, कोळसा-गॅसिफिकेशन, पर्यायी वनीकरण, पुनर्वसन चालेल. मालकी मात्र सरकारी कंपनीचीच. पऱ्हाटी आणि तूर त्या यादीत नाहीत. आणि तू आणखी एक यादी घेऊन आलीस. वाघांची वाट, पर्यटन, तळे. सावनेरला इको पार्क झालेच आहे, शहरातले लोक तिकीट काढून खाण पाहून येतात. शेतकऱ्याच्या पदरात काय?

भाची : काही ठिकाणी शेती होऊच शकत नाही, मामाजी. तीस-चाळीस मीटर उंच दगडाच्या ढिगावर कापूस कसा पिकेल?

मामा : ढिगावर नाही. भरून घेतलेल्या सपाट जागेवर. तुझ्याच जर्मनीत ऱ्हाइनच्या लिग्नाइट पट्ट्यात काय करतात, बघ. लोएस नावाची सुपीक माती वेगळी काढून खाण भरल्यावर जाड थराने परत घालतात. मग सात वर्षे कंपनी स्वतः तिथे शेती करते, पहिली तीन वर्षे नुसते लसूणघास, म्हणजे मुळे खोल जाऊन माती सैल होते. त्यानंतर ती जमीन शेतकऱ्यांकडे जाते. आपल्या काळ्या मातीला एवढे करता येणार नाही काहून? यंत्रे तीच, डंपर तेच.

भाची : काळी माती लोएससारखी वागत नाही. तिला भेगा पडतात, ती ओली असताना डंपरने दाबली तर विटेसारखी घट्ट होते.

मामा : मग उन्हाळ्यात पसरवा. विदर्भातल्या शेतकऱ्याला काळी माती कधी हात लावायची, हे शिकवावे लागत नाही.

भाची : बरे. पण सगळीच जमीन शेतीला दिली तर नदीकाठ आणि वाघांची वाट यांचे काय? चंद्रपूरजवळच्या दुर्गापूर-पद्मापूरच्या ओबीवर आणि वीज केंद्राच्या आवारात वेडी बाभूळ माजली आहे. तिथे वाघ-बिबटे राहू लागले. 2022 च्या फेब्रुवारीत पाठोपाठ दोन बळी गेले, एक कामगार आणि एक शाळकरी वयाचा मुलगा.

मामा : म्हणजे तुझी हिरवी व्यवस्था आपोआप उभी राहिली, आणि थेट वस्तीच्या भिंतीला येऊन टेकली.

भाची : आराखडा नसला की असेच होते. जंगल येणारच. जमीन मोकळी सोडली की पाच-सहा पावसाळ्यांत झुडूप येते. ते वस्तीला टेकून येऊ द्यायचे की वस्तीपासून दूर, नदीच्या कडेने ओढून न्यायचे, एवढाच निर्णय आपल्या हातात आहे. वस्तीजवळ वेडी बाभूळ काढून मोकळे गवत ठेवायचे, चाऱ्यासाठी गावालाच द्यायचे. गवत कापले गेले की बिबट्याला लपायला जागा राहत नाही आणि गावाला उत्पन्नही मिळते. जंगल पलीकडे, मध्ये गवत, अलीकडे शेती. हा क्रम मी नकाशात मांडते, तेव्हा तुम्हाला वाटते की मी शेती विसरले.

मामा : क्रम चांगला आहे. पण तो नकाशात येतो कधी? कोळसा संपल्यावर. तेव्हा काळी माती तळाशी गेलेली असते, ढिगारा नदीला टेकलेला असतो, आणि खड्डा कुठे राहणार हे ठरून गेलेले असते. मी आयुष्यभर खुंट्या ठोकल्या. ढिगारा कुठे पडणार, हॉल रोड कुठून जाणार, माती कुठे रचणार, हे पहिल्या स्फोटाच्या आधी सर्व्हेअरच्या नकाशात ठरते. तुझे शास्त्र तिथे हजर नसते. ते तीस वर्षांनी येते, आणि मग दगडावर गवत कसे लावावे याचा विचार करते.

भाची : म्हणजे खाण उघडण्याच्या नकाशावरच बंद करण्याचा नकाशा काढायचा.

मामा : बंद करण्याची योजना मंजुरीच्या वेळी द्यावी लागते, कागद आहे. पण ती ग्रामसभेत वाचली जात नाही. नदीपासून ढिगारा किती दूर, काळी माती कोणत्या वर्षी कुठे पसरणार, शेवटी किती एकर शेतीयोग्य होणार, ते कुणाला मिळणार, एस्क्रोतले पैसे गवत राखायला किती वर्षे पुरणार, हे गावाने सही करण्याआधी विचारले पाहिजे. सातबारा एकदा कंपनीच्या नावावर गेला, की गावाच्या हातात विचारायला काही उरत नाही.

भाची : यातले जवळजवळ सगळे मला मान्य आहे. पण एक सांगते. नव्या खाणीतही नदीकाठची पट्टी मी शेतीला देणार नाही. आणि जुन्या ढिगांना शेती करू म्हणणे म्हणजे लोकांना भूल देणे. तिथे माती घडवायची, गवत लावायचे, पाणी अडवायचे, आणि ती कामे पिढ्यान् पिढ्या चालवण्यासाठी रुहरसारखा कायमचा निधी उभारायचा. एस्क्रो कंपनीला परत देण्याऐवजी त्याचा एक भाग तिथेच राहिला पाहिजे.

मामा : जुन्या ढिगांवर तुझेच चालू दे. नदीकाठच्या पट्टीवर मात्र मी भांडणार. तिथली माती सगळ्यात चांगली असते.

भाची : आणि तिथलाच पूर सगळ्यात आधी गावात शिरतो.

मामा : भांडू. पण पहिल्या स्फोटाच्या आधी भांडू, गावासमोर. नंतर भांडायला आपल्याकडे फक्त दगड राहील.